ग्लूटेनरहित पथ्य आणि वसतिगृहातील विद्यार्थी

ग्रहणीचा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला असतो व त्याचे पथ्यही आपल्याला मुखोद्गत असते. मात्र हेच मुखोद्गत पथ्य एका रुग्णास अपायकारक ठरल्याचा अनुभव मी घेतला आहे. तो लपविण्यापेक्षा वैद्यबंधू-भगिनींसमोर व औषधनिर्मात्यांसमोर मांडणे अधिक हितावह वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

रुग्णवृत्त

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आईसमवेत चिकित्सालयात आला. मूळचा सोलापूर जिल्ह्यातील, शिक्षणासाठी पुण्यात वसतिगृहात राहणारा. दिवसातून चार-पाच वेळा द्रव मलप्रवृत्ती, आध्मान, दौर्बल्य, वजनात घट आणि पांडुता अशी लक्षणे होती. लोहकल्प देऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते. त्याची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, सुटीत घरी आला की आठ-दहा दिवसांत चेहरा सुधारतो. पुण्याला गेला की पुन्हा तेच."

या वाक्यातच निदान होते. घरी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, तर वसतिगृहात दोन्ही वेळा गव्हाची पोळी आणि सकाळी उपमा किंवा पाव. मी मात्र ते वाक्य 'घरचे अन्न व बाहेरचे अन्न' एवढ्याच अर्थाने घेतले. ग्रहणीचे निदान करून तक्र, पर्पटी व हिंग्वष्टक चूर्ण योजिले. ज्वारी रूक्ष म्हणून कमी करावयास सांगितली आणि लघू म्हणून खपली गव्हाचे फुलके व रव्याची पेज सुचविली. तीन आठवड्यांत रुग्णाचे वजन आणखी दोन किलोने घटले.

त्यानंतर एका पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवून रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज प्रतिपिंडांची तपासणी केली. ती सकारात्मक आली. दुर्बिणीद्वारे घेतलेल्या ग्रहणीच्या बायोप्सीत रसांकुर झिजलेले आढळले. निदान सीलिअ‍ॅक व्याधीचे झाले.

व्याधीचे स्वरूप

गहू, जव (सातू) व राय या धान्यांत ग्लूटेन हा प्रथिनसमूह असतो. आनुवंशिक प्रवणता असलेल्या व्यक्तीत त्याच्या सेवनाने शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लघ्वंत्रावर आघात करते. रसांकुर झिजतात व लोह, कॅल्शियम, स्नेह यांचे शोषण मंदावते. गव्हाचा हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास प्रस्थापित केला. गहू हे मुख्य अन्न असलेल्या उत्तर भारतात साधारण शंभरांत एकास हा व्याधी आढळतो. दक्षिणेत तो पुष्कळ विरळ आहे. रुग्णाच्या सख्ख्या नातलगांत त्याची शक्यता बरीच अधिक असल्याने त्यांचीही तपासणी करावी.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. एक, गहू बंद केल्यावर तपासणी केल्यास ती खोटी नकारात्मक येऊ शकते. म्हणून संशय आल्यास आधी तपासणी करावी, मग पथ्य सांगावे. दोन, ग्रहणीत अग्नी प्रदीप्त होईल तसतसे पथ्य शिथिल करण्याचा आपला परिपाठ आहे. या व्याधीत ती सवलत नाही. प्रश्न गुरू-लघूचा नसून त्या द्रव्याच्या सर्वथा व आजन्म वर्जनाचा आहे. खपली असो, जुना गहू असो वा भाजलेला रवा, संस्काराने ग्लूटेन नष्ट होत नाही.

वसतिगृहातील दिनक्रम

'गहू खाऊ नकोस' हे सांगणे सोपे आहे. मेसमध्ये ते आचरणे किती अवघड, हे त्या विद्यार्थ्याने रोजच्या नोंदी ठेवल्या तेव्हा मला उमगले. तो पोळी खात नव्हता, पण त्याची भाकरी पोळीच्याच तव्यावर, पिठी सांडलेल्या ओट्यावर होत होती. भाकरी नीट थापली जावी म्हणून पिठात मूठभर कणीक मिसळण्याची मेसच्या काकूंची पद्धत होती. पोळीचा चुरा पडलेल्या ताटातील डाव भाताच्या पातेल्यात जात होता. सीलिअ‍ॅकच्या रुग्णास दिवसाला १० मिलीग्रॅमपर्यंतचे ग्लूटेन बहुधा सोसते. ५० मिलीग्रॅम रोज पोटात गेल्यास मात्र आतड्याची झीज सुरू राहू शकते. पोळीचा नखाएवढा तुकडाही ही मर्यादा गाठतो.

काकूंना बोलावून सर्व समजावून सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले, हे त्या मुलाचे भाग्य. स्वतंत्र तवा, परात व उलथने आले. त्याची भाकरी पोळ्यांच्या आधी होऊ लागली आणि भात-भाजीचे त्याचे वाढणे पंगत बसण्यापूर्वी वेगळ्या डब्यात निघू लागले.

दुसरा अडथळा गिरणीचा. गव्हानंतर लगेच दळलेल्या ज्वारीत गव्हाचे पीठ उतरते. आपल्याकडे 'ज्वारीवर ज्वारी टाका' असे गिरणीवाल्यास सांगण्याची रीत आहे. परंतु या रुग्णास तेवढ्याने भागत नाही, कारण पीठ उडून जात्यात व डब्यांत बसलेले असते. आईने घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच दळला नाही आणि महिन्याचे पीठ ती एसटीने पाठवू लागली.

छुपा गहू कोठे असतो, याची यादी रुग्णाच्या हाती द्यावी. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो. माल्टयुक्त पेयांत जव असतात. चायनीज गाडीवरील सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. शेवया, रवा इडली, सत्यनारायणाचा शिरा, वाढदिवसाचा केक हे तर उघडच आहे. ओट्समध्ये गव्हाची भेसळ सर्रास असते, म्हणून ते आरंभी टाळावेत. बाजारातील ग्लूटेनरहित बिस्किटे महाग व प्रायः पिष्टमय असतात. त्यांपेक्षा ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, तांदूळ व डाळी यांवर भर द्यावा. आपले मंड, पेया, विलेपी हे तांदळाचे कृतान्न येथे निःशंकपणे उपयोगी पडते. आरंभी काहींना दूध सोसत नाही. रसांकुर भरून आल्यावर ते बहुधा सोसू लागते.

आहाराइतकाच प्रश्न मनाचा असतो. मित्र 'एक घास खा, काही होत नाही' म्हणतात. प्रसाद नाकारला की वडीलधारी रागावतात. हा मुलगा काही दिवस सर्वांसोबत जेवावयास बसेनासा झाला होता. खोलीतील दोन मित्रांना त्याच्यासमवेत चिकित्सालयात बोलावून पंधरा मिनिटे बोललो. त्याचा उपयोग कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक झाला.

प्रवास

महाविद्यालयाच्या अभ्यास सहलीसाठी त्याला रेल्वेने दिल्लीस जावयाचे होते. घरच्यांचा कल न पाठविण्याकडे होता. आम्ही नियोजन करून पाठविले. पहिल्या दिवसासाठी भाकरी व कोरडी चटणी. पुढे भाजके फुटाणे, शेंगदाणे, चिक्की, घरचे राजगिऱ्याचे लाडू, केळी व उकडलेली अंडी. फलाटावरचा समोसा, कटलेट, पुरी वर्ज्य. इडली चालते, पण सांबाराविषयी शंका असते, कारण त्यातील हिंग.

प्रवासात उपवासाचे पदार्थ हा मोठा आधार आहे. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा यांत ग्लूटेन नाही आणि 'मला उपवासाचे द्या' ही भाषा उपाहारगृहातील आचाऱ्यास चटकन कळते. मात्र तळणीचे तेल पुऱ्यांचेच आहे का, हे विचारावे. पीठ सुटे असल्यास घेऊ नये. वेष्टनावर 'ग्लूटेनरहित' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलीग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसावे असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा दंडक आहे. ते वाचण्याची सवय लावावी. दिल्लीस आचाऱ्यास दाखविण्यासाठी चार ओळींची हिंदी चिठ्ठी त्याच्या खिशात दिली होती. सहा दिवसांनी तो सुखरूप परतला.

आपले औषधालय

आता या लेखाचे मुख्य प्रयोजन. पथ्य काटेकोर असूनही चार महिन्यांनी प्रतिपिंडांचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. पुन्हा नोंदी तपासल्या, मेस तपासली. अखेरीस त्या मुलानेच विचारले, "सर, तुमच्या चूर्णात हिंग कोणता असतो?"

औषधालयातील डबी पाहिली. बाजारातील बांधानी हिंग होता आणि घटकांत मैदा स्पष्ट छापलेला होता. हिंग्वष्टकातील आठही द्रव्ये समभाग धरल्यास ३ ग्रॅम मात्रेत सुमारे ३७५ मिलीग्रॅम हिंग येतो. त्यात निम्मा मैदा व मैद्यात दहा टक्के ग्लूटेन धरले, तरी दोन मात्रांत मिळून जवळपास ३८ मिलीग्रॅम होते. ज्या व्याधीसाठी औषध देत होतो, त्याचा हेतू मीच रोज दोनदा पुरवीत होतो. चूर्ण थांबविले. पुढील तपासणीत प्रमाण उतरले. वजन वर्षभरात नऊ किलोने वाढले.

म्हणून औषधनिर्मात्यांस विनंती की हिंगाचे कल्प शुद्ध हिंगापासूनच करावेत, अन्यथा मिश्रणातील पीठ कोणते ते वेष्टनावर छापावे. गोळ्यांसाठी वापरलेले पिष्ट मक्याचे की गव्हाचे, हेही नमूद असावे. अगस्त्यहरीतकीत यव आहे. सौवीर व तुषोदक जवांपासून होतात. बलवर्धनासाठी गव्हाचा चीक, पांडूसाठी गव्हांकुराचा रस सुचविण्याची आपली सवयही या रुग्णांबाबत सोडावी लागेल.

वैद्यांस विनंती एवढीच की दीर्घकालीन ग्रहणी, लोहास दाद न देणारा पांडू, मुलांची खुंटलेली वाढ यांत या व्याधीचा विचार अवश्य करावा. 'औषधाने बरे करून पुन्हा गहू खाऊ घालू' असे आश्वासन कोणासही देऊ नये. तो विद्यार्थी आता नोकरीस लागला आहे. परगावी जाताना आजही डब्यात भाकरी नेतो आणि कोणतेही औषध घेण्यापूर्वी त्यातील घटक विचारतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या औषधालयात तयार असावे.