प्रसादाचा शिरा आणि दारातलं कुत्रं

मंडळी, साताऱ्यात बोलताना महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीपासून सुरुवात करायला हवी. पण आज आम्ही सांगलीकडं वळणार आहोत, बेदाण्याकडं.

तासगाव भागात द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर वाळवतात. द्रावणामुळं सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, पाणी लवकर उडतं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी गेलं, साखर राहिली: शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅमच्या वर. पोटॅशियम भरपूर, क जीवनसत्त्व मात्र नावालाच उरतं. म्हणून मधुमेह्यांनी 'सुका मेवा' या शब्दावर भाळू नये. साठवायचा तर न धुता, घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. वर पांढरे खडे दिसले तर बहुधा ती साखरच असते. वास कुबट आला किंवा तंतू दिसले तर टाकून द्या.

आता मुद्द्याचं. सत्यनारायण झाला की द्रोणातला उरलेला शिरा दारातल्या कुत्र्याला घालायचा, हे आम्हीही वर्षानुवर्षं केलं. भूतदया म्हणूनच! स्ट्रॉबेरीचा एखादा तुकडा कुत्र्याला चालतो. द्राक्ष आणि बेदाणा मात्र त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती दाण्यांनी, ते सांगता येत नाही: एखादं मूठभर खाऊन धडधाकट राहतं, एखादं थोडक्यात जातं. म्हणजे सुरक्षित प्रमाण असं नाहीच. 'अमुक पदार्थ विषारी आहे' हे वाक्य आमच्या तर्कशास्त्रात अपुरंच. कोणाला, ते सांगावं लागतं.

कारण बराच काळ कळत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकी पशुवैद्यांनी टार्टरिक आम्लाकडं बोट दाखवलं, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच लक्षणं दिसली होती. तेव्हा चिंचेची आमटीही नको.

पहिल्या दिवसात उलट्या, मरगळ. मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, कधी थांबतेच. लक्षणांची वाट बघू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानं वेगळाच घात होतो. उतारा नाही, लगेच पशुवैद्याकडं नेलं तर उलटी काढून, सलाईन लावून मूत्रपिंडं वाचवता येतात. किती खाल्लं, कधी खाल्लं, एवढं सांगा.

आमच्याकडं आता बेदाणे शिऱ्यात पडण्याआधी एक वाटी बिनबेदाण्याची बाजूला निघते.