विशेष शिक्षक आणि त्याचे सोबती

दौलताबादच्या किल्ल्यांत ‘अंधारी’ नांवाचा वळणावळणाचा भुयारी मार्ग आहे. तेथें वाटाड्या पाहुण्याला खांद्यावर घेत नाहीं. दिवा पुढें धरून पायरी कोठें, वळण कोठें, एवढें दाखवितो. चालणें पाहुण्याचेंच. प्राथमिक शाळेंतील दिव्यांग मुलांच्या विशेष शिक्षकाचें कामहि ह्याच जातीचें आहे.

१९९५ च्या कायद्यानें दिव्यांगत्वाचे ७ प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते २१ केले. ज्याचें दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षें वयाच्या मुलाला जवळच्या शाळेंत अथवा पसंतीच्या विशेष शाळेंत विनामूल्य शिक्षण घेण्याचा अधिकार आहे. परंतु हजेरीपटावर नांव चढलें म्हणजे शिक्षण झालें, असें नाहीं. मागच्या ओळींत दिवसभर मुकाट्यानें बसलेलें मूल हजर असूनहि शाळेबाहेरच राहतें.

त्या मुलाला खऱ्या अर्थानें वर्गांत आणणें, हें विशेष शिक्षकाचें पहिलें काम. अंध मुलाला तो ब्रेल शिकवितो. पाटीच्या चौकटींत जाड कागद अडकवून टोचणीनें उजवीकडून डावीकडे टिंबें उठवावयाचीं आणि कागद उलटून तीं डावीकडून उजवीकडे बोटांनीं वाचावयाचीं. सहा टिंबांच्या मांडणींत सारी वर्णमाला बसते. ऐकूं कमी येणाऱ्या मुलासाठीं तो वर्गशिक्षकाला एक साधी गोष्ट सांगतो : फळ्याकडे तोंड करून बोलूं नये, कारण अशीं पुष्कळ मुलें ओठ पाहून शब्द ओळखतात. दौलताबादेसारख्या गांवीं मराठी व उर्दू दोन्ही भाषा कानीं पडतात. तेव्हां मुलाच्या घरीं कोणती भाषा बोलतात, हेंहि आधीं विचारावें लागतें. ज्याची समज सावकाश वाढते, त्याला नुसते आंकडे परके वाटतात. सीताफळें मोजावयास दिलीं कीं तेच आंकडे त्याच्या हातीं येतात. शाळेंत येणें ज्याला अशक्य, त्याला घरीं जाऊन शिकवावें लागतें. प्रमाणपत्र, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची ह्यांसाठीं पालकांना वाट दाखविणेंहि ह्याच शिक्षकाकडे येतें.

प्राथमिक वर्गांत १० व उच्च प्राथमिक वर्गांत १५ दिव्यांग मुलांमागें एक विशेष शिक्षक, असें प्रमाण ठरलेलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं विशेष शिक्षकांचीं ४,८६० पदें केंद्रस्तरावर निर्माण करण्याचें ठरविलें. केंद्र म्हणजे आसपासच्या अनेक शाळांचा गट. अर्थात् केंद्राचा शिक्षक एकाच शाळेचा होऊन राहूं शकत नाहीं. तो एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जातो. मग उरलेल्या दिवसांचें काय?

त्या दिवसांचा भार शाळेंतील इतरांनीं उचलावयाचा असतो. वर्गशिक्षकानें विशेष शिक्षकाची सूचना वहींत टिपून रोज पाळली, तर एका दिवसाची भेट पुष्कळ दिवस पुरते. मुख्याध्यापकानें पायऱ्यांशेजारीं उतार करविला, तर चाकाची खुर्ची वर्गापर्यंत पोंचते. खिचडी वाढणाऱ्या बाईनें ताट नेहमीं एकाच जागीं ठेवलें, तर अंध मूल आपल्या हातानें जेवावयास बसतें. मात्र दया येऊन त्याचें उत्तर दुसऱ्यानें देणें, त्याचें चित्र दुसऱ्यानें काढणें, म्हणजे त्याला खांद्यावर घेणें होय. त्यानें त्याचे पाय तयार होत नाहींत.

म्हणून पालकांनीं व ग्रामस्थांनीं शाळेंत गेल्यावर दोन प्रश्न अवश्य विचारावे : विशेष शिक्षक कोणत्या दिवशीं येतात, आणि ते नसतात त्या दिवशीं हें मूल काय शिकतें?