कॅसलरॉकची ओढ आणि बोटीचा भोंगा

परदेशातून प्रवासी बोटीने येणारे आप्त मला विचारतात, ‘मुरगाव बंदरात दिवसभर मुक्काम आहे, जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक पाहून येऊ का?’ मोह स्वाभाविक आहे. 1888 मध्ये पुरा झालेला लोहमार्ग, घाटात 37 फुटांस 1 फूट चढ, आणि 1961 मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत सरहद्दीवरचे हे स्थानक! पण घाटात गाडी रखडली तर? कंपनीच्या सहलीसाठी बोट सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी नाही. शिवाय हवामान बिघडल्यास कप्तान बंदरच गाळू शकतो. म्हणून मी सांगतो, मोटारीचे पैसे आगाऊ भरू नका. बोट सुटण्यापूर्वी दोन तास धक्क्यावर या. वेळ अपुरा असल्यास कॅसलरॉक पुढच्या खेपेस ठेवून मास्टर दीनानाथांच्या जन्मगावी, मंगेशीला, जाऊन यावे.