मासा गळाला कसा लागतो?

आमच्या परंडा तालुक्यात सीना नदीवर सीना-कोळेगाव धरण आहे. आमचे आबा नदीच्या डोहावर गळ टाकतात. सुट्टीला मी पण त्यांच्याबरोबर जाते. पुष्कळांना वाटते, गळाला गांडूळ लावले की झाले. पण मासा कसा खातो ते आधी ठाऊक पाहिजे. नाहीतर आमिषही जाते अन् कोरड्यासाला मासाही मिळत नाही.

कटल्याचे तोंड वर वळलेले असते. तो वरच्या पाण्यातले खातो. रोहू मधल्या पाण्यात फिरतो. मृगळाचे तोंड खाली असते, तो तळाचा गाळ चिवडतो. म्हणून गळ किती खोल सोडायचा ते माशावर आहे. गंमत म्हणजे या तिघांच्या जबड्यात दातच नसतात. त्यांचे दात घशात असतात! ते कणकेची गोळी पाण्यासकट आत ओढतात आणि काही टोचले की लगेच थुंकून टाकतात. म्हणून दोरीला बांधलेले चिपाड जरा बुडाले, की लगेच हिसका द्यायचा.

मरळीचे अगदी उलटे. ती शिकारी आहे, तिला दात असतात आणि हलणारे भक्ष्य आवडते. आबा गळाला बेडकी लावतात आणि दोरी पाण्यावरून हळूहळू ओढतात. मरळ झडप घालते, पण आधी नुसती धरते, मग आत घेते. तेवढ्यात घाई केली तर बेडकी तोंडातून निसटते. आबा म्हणतात, "दम धर गं, गिळू दे तिला." दोरी ताणली गेली की मगच हिसका.

गुरुजींनी सांगितले, समुद्रात चालत्या होडीमागे गळ ओढतात. तिथे हिसका होडीच देते! पण सुरमई पुष्कळदा आमिषाची शेपटीच तोडून नेते. म्हणून शेपटीजवळ आणखी एक गळ लावतात.

पावसाळ्यात मरळीची लाल-नारिंगी पिले थव्याने वर येतात. तेव्हा मरळ बेडकीवर धावते ती भुकेने नाही, पिलांना राखायला. अशी मरळ पटकन सापडते. पण ती गेली की पिलांना दुसरे मासे खाऊन टाकतात. काही लोक मुद्दाम तिथेच गळ टाकतात, ते मला मुळीच आवडत नाही. आबा ती कड सोडून लांब जाऊन बसतात. मग त्या दिवशी आमच्या घरी वरण-भाकरीच असते.