सासुरवाडीचा व्हिसा

परदेश म्हटला की आमच्या सिंदेवाहीत पूर्वी दोनच वाटा ठाऊक होत्या. एक हजची आणि दुसरी आखातातल्या नोकरीची. गोंदिया-चंद्रपूर रेल्वेमार्गावरचं हे गाव. भोवती धानाच्या बांध्या, गावात तांदळाच्या गिरण्या, बांध्या संपल्या की जंगल आणि जंगलात वाघ. अशा या गावात गेल्या पावसाळ्यात, ऐन रोवणीच्या दिवसांत, शेजारचे दादा चिखलाच्या पायांनीच माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "भाई, पोट्ट्यानं तिकडंच लगन केलं, थायलंडात. आता थो तिकडचाच झाला का? का सरकार त्याले हाकलून देईन?"

प्रश्न दोन होते आणि दोन्हींतली काळजी वेगवेगळी होती. मुलगा परका होईल ही एक, आणि मुलाला परका म्हणून हाकलतील ही दुसरी.

पन्नाशी उलटलेला, मराठीत कविता करणारा मुसलमान, एवढीच माझी गावातली ओळख. पण मी बी.ए. आहे, अक्षर बरं आहे आणि इंग्रजी फॉर्म वाचता येतो, त्यामुळे लोक कवितेपेक्षा अर्जासाठीच जास्त येतात. यात मला कमीपणा वाटत नाही. कवितेत चूक झाली तर कुणाचं काही अडत नाही, अर्जात झाली तर अडतं.

मुलानं नागपूरला हॉटेलाचा कोर्स केला आणि तो फुकेतला एका हॉटेलात लागला. नोकरीवर मिळालेला व्हिसा त्या नोकरीलाच बांधलेला असतो. नोकरी संपली की मुक्काम संपला. नोकरी संपत आली त्याच सुमारास त्यानं तिथल्या एका मुलीशी लग्न केलं. मुलगी थायलंडच्या ईशान्य भागातली, इसान म्हणतात त्याला. तिच्याही घरी धानच पिकतं. दादांचं घर बौद्ध. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा दादांचे वडील तिथं होते. व्हिडिओ कॉलवर सासूसुनेला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मग सासूनं त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि पलीकडून सुनेनं ते पालीतूनच, आपल्या थाई उच्चारात, पूर्ण केलं. दादांनी मला हे चारदा तरी सांगितलं असेल.

आता लग्नाचं. थायलंडात भिक्खूंनी आशीर्वाद दिला, वडीलधाऱ्यांनी जोडप्याच्या हातांवर पाणी सोडलं, की समाजाच्या दृष्टीनं लग्न झालं. मुलीच्या आईवडिलांना मुलाकडून 'सिन सोत' नावाची रक्कमही दिली जाते. आमच्या मेहरसारखी वाटते, पण मेहर मुलीचा, सिन सोत आईबापांचा. मात्र कायद्याच्या दृष्टीनं या सगळ्यानंतरही लग्न झालेलं नसतं. ते होतं तालुक्याच्या कचेरीत, तिथं 'अम्फ' म्हणतात, नोंदवहीत नाव चढल्यावर. त्यासाठी परदेशी माणसाला आपल्या वकिलातीकडून अविवाहित असल्याचा दाखला घ्यावा लागतो, त्याचं थाई भाषांतर करावं लागतं आणि त्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. आपल्याकडेही वेगळं काय आहे? काझीनं निकाहनामा दिला, भंतेजींनी किंवा भटजींनी लग्न लावलं, तरी पासपोर्टाच्या आणि व्हिसाच्या कामाला नोंदणीचा दाखलाच मागतात. आपल्या गावात किती घरांत तो दाखला आहे, हे मला विचारू नका.

नोंदणी झाली. आता तरी राहता येईल? इथंच लोकांची गफलत होते. लग्नानं मुक्कामाचा हक्क मिळत नाही, मुक्काम मागण्याचा हक्क मिळतो, आणि तो दरवर्षी मागावा लागतो. आधी नव्वद दिवसांचा व्हिसा. तो संपण्याआधी इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन, थाई नागरिकाचा जोडीदार या कारणावर एक वर्षाची मुदतवाढ मागायची. नवरा परदेशी असेल तर त्याच्या नावानं थायलंडातल्या बँकेत अर्जाच्या दोन महिने आधीपासून चार लाख बाट पडून असावे लागतात, किंवा महिना चाळीस हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. बाट म्हणजे त्यांचा रुपया. दादांना ते 'भात' ऐकू आलं आणि चार लाख भात कोण शिजवणार, असा चेहरा त्यांनी केला. हिशेब करून सांगितला, दहा लाख रुपयांच्या वर जातो, तेव्हा चेहरा आणखी बदलला. हीच अट परदेशी बायकोला नाही. थाई पुरुषाशी लग्न केलेल्या बाईनं बँकेत पैसे दाखवायचे नसतात. बाईला नवरा पोसणार आणि बापयानं मात्र पोसण्याची ऐपत सिद्ध करायची, हा हिशेब तिकडच्या कायद्यातही आहे म्हणायचा.

पैशाहून मला गमतीचा वाटला तो पुरावा. लग्न खरं आहे, मुक्कामासाठी केलेलं सोंग नाही, हे पटवावं लागतं. मग नवराबायकोचे घरातले फोटो, घरक्रमांकाच्या पाटीसमोर दोघं उभे असलेला फोटो, घराकडे जाण्याचा नकाशा. शेजारी साक्षीला लागतो, कधी अधिकारी घरी येऊनही बघतात. अर्ज दिला की साधारण महिनाभराचा 'विचाराधीन' असा शिक्का मिळतो आणि नंतर वर्षाचा. वर्षातही दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवायचा. मुदत चुकली तर दिवसाला पाचशे बाट दंड, जास्तीत जास्त वीस हजार. नव्वद दिवसांहून जास्त चुकली तर दंडावर भागत नाही, काही वर्षं देशात येण्याची बंदी होते. आणि या व्हिसानं काम करण्याची परवानगी आपोआप येत नाही. तिचा कागद वेगळा.

"मंग जमीन तं घेता येते ना?" हा दादांचा पुढचा प्रश्न. नाही. परदेशी माणसाच्या नावावर तिथं जमीन होत नाही. बायको घेऊ शकते, पण पैसा तिचाच आहे असं नवऱ्यानं लिहून द्यावं लागतं. दादांनी आपल्या दोन एकर बांधीकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

या साऱ्या नियमांत एक नियम असा आहे की तो माणसाला घरापासून तोडू शकतो. मुदतवाढ मिळालेली असो की अर्ज विचाराधीन असो, देशाबाहेर पाऊल टाकण्याआधी परत येण्याचा परवाना घ्यावा लागतो. एका खेपेचा एक हजार बाटला, अनेक खेपांचा तीन हजार आठशेला. तो न घेता विमानात बसलात, तर वर्षाची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द. परत आलात तर पहिल्यापासून सुरुवात. आणि घाईनं देश सोडण्याची वेळ माणसावर केव्हा येते? घरी कुणी आजारी असलं, किंवा गेलं की.

दिवाळीच्या आधी दादांची आई गेली. मुलाचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता. रात्री दोनला फोन लागला. तो तसाच बॅग उचलून निघाला होता. बायकोनं हाताला धरून थांबवलं, आधी परवाना म्हणाली. बँकॉकच्या विमानतळावरही तो मिळतो, हे तिला माहीत होतं. तो मातीला पोहोचला नाही, पण पुण्यानुमोदनाला पोहोचला, आणि परतही जाऊ शकला.

त्या रात्री मला माझी फुफी आठवली. वडिलांची थोरली बहीण. तिचं लग्न नागपूरच्या माणसाशी झालं, नवऱ्याला कराचीला नोकरी लागली, तीही गेली. तोवर दोन देशांत पासपोर्टाची पद्धत सुरू झाली होती, १९५२ साली. सिंदेवाहीत जन्मलेली, इथल्या तलावात पोहायला शिकलेली ही बाई लग्नामुळे इथं परदेशी झाली. दादांच्या मुलाला लग्नानं परक्या देशात मुक्काम मिळाला. फुफीला लग्नानंच आपल्या गावात मुक्काम मागावा लागला.

१९८४ साली दादी आजारी पडली तेव्हा ती आली. मी सातवीत होतो. व्हिसा तीस दिवसांचा, त्यावर जाण्याच्या गावांची नावं लिहिलेली, आल्याबरोबर पोलिसात नोंद. दादी तिसऱ्या दिवशी गेली. वडील जिल्ह्याला खेपा घालत होते. एका भल्या अधिकाऱ्यानं दहा दिवस वाढवून दिले, त्याहून त्याच्या हातात नव्हते. तीस आणि दहा चाळीस, त्यातले तीन आधीच गेलेले. चाळिसाव्याची फातेहा आम्ही सदतिसाव्या दिवशी दिली आणि फुफी गाडीत बसली. नंतर ती आली नाही.

म्हणून कुणी व्हिसाच्या तारखा घेऊन आला की मी बोटांवर मोजतो, दोनदा मोजतो.

आता दादांचा उलटा प्रश्न आहे. सून इकडे आली तर? आपले कायदेही फार निराळे नाहीत. भारतीयाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीला त्या नात्यावर लांब मुदतीचा व्हिसा मिळतो. १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करायची. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असतं, अर्ज आता ऑनलाइन होतो. लग्नाची नोंद होऊन ते सलग दोन वर्षं टिकलं असेल तर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यानं येण्याजाण्याची कटकट मिटते, पण मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. घटस्फोट झाला तर हे कार्डही रद्द होतं. कधीही पाकिस्तानचं वा बांगलादेशाचं नागरिकत्व असलेल्याला, किंवा ज्याच्या आईवडिलांचं वा आजीआजोबांचं ते होतं त्याला, हे कार्ड मिळत नाही. तिथून लग्न होऊन आलेल्यांना दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच वर्षं काढावी लागतात.

पूर्ण नागरिकत्व हवं असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे लग्न आणि सात वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि आधीचं नागरिकत्व सोडावं लागतं, कारण आपल्याकडे दोन चालत नाहीत. १९८६ च्या दुरुस्तीपर्यंत ही वाट फक्त बायकांनाच होती. परदेशी सून भारतीय होऊ शकत असे, परदेशी जावई नाही. थायलंडात अजूनही बाईची वाट जवळची आणि पुरुषाची लांबची आहे. कायदे करणाऱ्यांना सगळीकडे बाई सासरी जाणारच असं वाटत आलेलं आहे.

आपल्या महाराष्ट्रात याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण गेल ऑम्वेट यांचं. अमेरिकेत मिनियापोलिसला जन्म. इथल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न केलं आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या. १९८३ साली त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्या गेल्या. लग्न आणि नागरिकत्व यांच्यामधली ती सात वर्षं मला महत्त्वाची वाटतात. लग्नाचा निर्णय माणूस एका दिवसात घेतो, देशाचा घ्यायला वेळ लागतो. पुढाऱ्यांची भाषणं मात्र दोन्ही एकाच सहीनं होतात असं धरून चाललेली असतात.

दादांना मी हे सगळं एका बैठकीत सांगितलं नाही. कापणीपासून मळणीपर्यंत तुकड्यातुकड्यानं सांगितलं. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून निघालेलं नाही. मुलगा तिकडचाच झाला का, हे कुठल्याच फॉर्मवर विचारत नाहीत. तीन वर्षं सलग मुदतवाढ मिळाली की त्याला कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येईल. तिथं दर देशाच्या लोकांसाठी वर्षाला शंभर जागा असतात, त्यात नंबर लागला तर लागला.

तूर्त सून पाहुणी म्हणून यायची आहे, पर्यटक व्हिसावर. परदेशी पाहुणा घरी उतरला की घरमालकानं चोवीस तासांच्या आत तशी माहिती कळवायची असते. लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात, आणि तो हॉटेलवाल्यांनीच भरायचा असा समज आहे. घरच्यांनीही भरायचा असतो. दादा म्हणाले, "भाई, सून घरची हाय, तिचा कायचा फार्म?" मी म्हटलं, घरची आहे म्हणूनच भरायचा, मी येतो भरायला. तिच्या पासपोर्टाची झेरॉक्स आधी मागवून ठेवा, आणि परतीची तारीख मला दाखवा.

(आकाशवाणीवरील भाषणावरून संपादित)