ती नदी गोदावरी नव्हतीच!

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

मामा गेल्यानंतर वर्षभरानं त्यांची ट्रंक उघडली. जुन्या पावत्या, शाळेचे दाखले आणि एका मोठ्या पाकिटात दोन फोटो निघाले. दोन्ही विमानातून सरळ खाली पाहून काढलेले. पाठीमागं शिसपेन्सिलीनं एकच शब्द होता, ‘नाशिक’. सालाचा पत्ता नव्हता.

आपलं गाव आपल्याला ओळखता येणार नाही, असं कसं होईल? मी पहिला फोटो घेऊन बसलो. नदी होती, रेल्वे होती, घरांचे पुंजके होते. नदी म्हणजे गोदावरीच, असं धरून मी रामकुंड शोधू लागलो. अख्खी संध्याकाळ गेली. रामकुंड सापडेना, काळाराम सापडेना.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. रेल्वेत गार्ड म्हणून त्यांनी उभी हयात काढलेली. त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला आणि हसूच लागले. “अरे बाबा, नाशकात रेल्वे आहे कुठं? हे नाशिकरोड आहे. आणि ही गोदावरी नव्हे, वालदेवी!”

माझी चूक साधी होती. पुष्कळ गावांत स्टेशन गावाला लागून असतं. नाशिकचं तसं नाही. १८६१ साली इथं रेल्वे आली, ती गावाच्या दक्षिणेकडून. स्टेशनापासून रामकुंड आठ-नऊ किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या अंतरासाठी घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत बंद पडली. म्हणजे जो फोटो मी शहराचा समजत होतो, त्यात शहर नव्हतंच. पाठीमागचा एक शब्द मी डोळे झाकून मानला होता.

त्या दिवसापासून काकांनी मला फोटो ‘वाचायला’ शिकवलं. आपल्यापैकी कुणाच्या घरी असा फोटो असेल, तर या गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, सुरुवात रेल्वेपासून करावी. घरं पडतात, झाडं जातात, रस्ते रुंद होतात. रेल्वेची वाट मात्र सहसा बदलत नाही. वरून पाहताना रस्ता आणि रेल्वे सारखेच दिसतात, पण वळणावर फरक कळतो. रस्ता गावोगाव वाकडातिकडा जातो, काटकोनातही वळतो. आगगाडीला तसं वळता येत नाही. म्हणून तिची रेघ लांबलचक, सावकाश वळते आणि शेतांच्या बांधांची पर्वा न करता जाते. स्टेशन आलं की ती रेघ फुगते, कारण तिथं बाजूचे रूळ फुटतात. काका म्हणायचे, “बेडूक गिळलेला साप दिसला, की स्टेशन समजावं.” त्या सापाच्या एका अंगाला देवळालीकडे जाताना वालदेवीवरचा पूल आणि दुसऱ्या अंगाला ओढ्याची दिशा. एवढं जुळलं की पुढचं सोपं.

दुसरी गोष्ट सावल्यांची. फोटोत रेल्वेचा भराव मला खंदकासारखा दिसत होता. काकांनी फोटो उलटा धरायला सांगितला आणि खंदक एकदम वर आला! सावली आपल्याकडे पडलेली असली, की डोळ्यांना उंच-खोल बरोबर कळतं. सावली आपल्यापासून पलीकडे पडलेली असेल, तर टेकडीचा खड्डा होतो. आपल्याकडे वर्षातले काही आठवडे सोडले, तर दुपारची सावली उत्तरेकडे पडते. म्हणून उत्तर दिशाही सावलीवरून सापडते.

तिसरी गोष्ट मापाची. फोटोत आणि आजच्या नकाशात दोन्हीकडे असलेल्या दोन खुणा घ्याव्यात, म्हणजे एखादा पूल आणि एखादं फाटक. नकाशावर त्यांच्यात एक किलोमीटर अंतर असेल आणि फोटोत चार सेंटिमीटर भरत असेल, तर फोटोतला एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर. मग प्रत्येक इमारतीची लांबी पट्टीनं काढता येते.

चौथी गोष्ट सालाची. फोटोत काय आहे, याइतकंच काय नाही, तेही पाहावं लागतं. स्टेशनाच्या परिसरात आम्हाला प्रेसच्या लांबलचक इमारती दिसल्या. सिक्युरिटी प्रेस इथं १९२५ साली सुरू झाला. त्याआधी आपली टपालाची तिकिटं लंडनहून छापून येत. नोटांचा प्रेस १९२८ चा. दोन्ही दिसत होते, म्हणजे फोटो त्यानंतरचा. फोटोच्या उजव्या कडेला एकलहऱ्याची नुसती शेतं होती. तिथल्या वीज केंद्राचे पहिले संच १९७०-७१ साली सुरू झाले. त्याच्या चिमण्या आणि त्यांच्या सावल्या लपणाऱ्या नाहीत. म्हणजे फोटो त्याआधीचा. मी लगेच ‘१९४५’ लिहायला निघालो, तर काकांनी हात धरला. “पुरावा जेवढं सांगतो, तेवढंच लिहावं.”

मग दुसरा फोटो काढला आणि त्यात मात्र जीव भांड्यात पडला. पश्चिमेकडून येणारी गोदावरी, तिच्यावर १८९५ सालचा व्हिक्टोरिया पूल, म्हणजे आजचा होळकर पूल, त्याच्या खाली रामकुंड आणि तिथंच दक्षिणेकडे घेतलेलं वळण. पंचवटीत काळारामाच्या आवाराची आखीव चौकट. आता एकेक गल्ली ओळखू येऊ लागली.

तेव्हाच सराफ बाजाराजवळ एक काळपट, नागमोडी रेघ दिसली. मला तो रस्ता वाटला. काकांनी बोट ठेवलं, “सरस्वती नाला. आता अर्धाअधिक झाकला गेलाय.” मी गप्प झालो. त्या रेघेला लागूनच मामांचं दुकान. २००८ च्या पुरात त्यात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत लागलं, हे आम्ही दर पावसाळ्यात विचारतो. पण पाणी आमच्याच गल्लीत का येतं, याचं उत्तर मामांच्या ट्रंकेत पडून होतं. नाला झाकला, तरी पाण्याला त्याची वाट ठाऊक असते. जागा घेण्याआधी, बांधण्याआधी असा एक फोटो पाहिला, तर पुष्कळ पैसे आणि पुष्कळ मनस्ताप वाचेल.

काकांनी एक काम मात्र आग्रहानं करून घेतलं. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यांनी सांगितलेलं प्रत्येक नाव मी शिसपेन्सिलीनं लिहिलं: मालधक्का, फाटक, पूल, नाला. बॉलपेन वापरू दिलं नाही, कारण त्याचा दाब फोटोवर उमटतो. खाली तारीख आणि सांगणाऱ्याचं नावही लिहून घेतलं.

दोन पावसाळ्यांनी काका गेले. आज मालधक्क्याची जुनी जागा मला कुणी विचारली, तर मी तो कागद दाखवतो. आपल्या घरी असा फोटो असेल, तर तो घेऊन आजच एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा. फोटो आणखी काही वर्षं टिकेल. तो वाचून दाखवणारा माणूस टिकेलच असं नाही.