तारेला स्वर असतो का?

महागडी वायर लावली की स्पीकर ‘मोकळा’ वाजतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मोजमाप काय म्हणते? अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने पाच मीटरवरचा आठ ओहमचा स्पीकर जोडला, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा रोध भरतो सुमारे ०.०७ ओहम. आवाजातली घट ०.१ डेसिबलहूनही कमी. कानाला ती उमगत नाही. वायर फार बारीक किंवा लांबलचक असली तर मात्र फरक पडतो, आणि तोही मोजता येतो.

‘कानाला कळते ते यंत्राला कळत नाही’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते अगदीच पोकळ नाही. तंबोऱ्याची जवारी गवयांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत होती. छेडण्याच्या जागेमुळे एरवी गळायला हवेत ते उपस्वरही घोडीच्या वक्र पाठीमुळे उमटतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये मांडले. पण जवारीचा दोरा काढून पाहा : डोळे मिटून बसलेलाही फरक सांगेल. वायर पडद्याआड बदलून तिचीही हीच परीक्षा घ्यावी.

आणि यंत्रे काही बधिर नसतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून तर कुलाब्याच्या वेधशाळेला १९०४ मध्ये अलिबाग गाठावे लागले.

अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर भजनी मंडळांच्या स्पीकरचा खरा वैरी निराळाच आहे. खाऱ्या, दमट हवेत तांब्याचे उघडे टोक हिरवे पडते, सांध्याचा रोध वाढतो, आवाज खरखरतो. गणपतीआधी पक्कडीने ते टोक कापावे, नवे तांबे सोलावे आणि स्क्रू घट्ट आवळावा.